मोठेपणी आयरिश शिकताना: स्वतःचं अभ्यास-साहित्य स्वतः कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डब्लिनमध्ये राहते. मुलीला शाळेत आयरिश आहे, तिचा गृहपाठ घेता यावा म्हणून मी शिकायला लागले आणि मग माझ्यासाठीच शिकत राहिले. इथल्या मराठी मंडळींकडून, विशेषतः शाळकरी मुलांच्या आईवडिलांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आयरिश शब्द वाचता यावेत म्हणून ते देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते आयरिश लिहितात तसे रोमन लिपीतच लिहा.

बाजारात पुस्तकं आहेत, फोनवर अ‍ॅप आहेत. मग स्वतःचं साहित्य कशाला करायचं?

कारण तयार साहित्यात तुमचा दिवस नसतो. अ‍ॅप तुम्हाला कासव आणि सफरचंद शिकवतं. तुम्हाला सांगायचं असतं की मुलीचा डबा घरी राहिला, ताप उतरला, पावसात सायकल भिजली.

दुसरं कारण या भाषेच्या परिस्थितीत आहे. १९३७ च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही देशाची पहिली अधिकृत भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजच्या बाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८. म्हणजे डब्लिनच्या दुकानात, बसमध्ये, ऑफिसात ती आपोआप कानावर पडत नाही. पुण्यात आलेला माणूस भाजीवाल्याकडून मराठी उचलतो, तशी सोय इथे नाही. भाषेचं वातावरण घरातच तयार करावं लागतं, आणि ते तुमच्या घरासारखंच दिसलं पाहिजे.

कार्डाच्या मागे अर्थ इंग्रजीत लिहू की मराठीत?

मराठीत. या सगळ्या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

शिकवण्या इंग्रजीतून होतात, पुस्तकं इंग्रजीतून असतात, म्हणून आपण नकळत आधी इंग्रजीत जातो आणि तिथून आयरिशमध्ये उतरतो. हा वळसा आहे, आणि तो आयरिशला आहे त्यापेक्षा अवघड करतो. काही उदाहरणं बघा.

आयरिशमध्ये ‘असणे’ आहे, पण ‘बाळगणे’ या अर्थाचं साधं रोजचं क्रियापद नाही. ‘ता ल्याउर अगम’ याचा शब्दशः अर्थ ‘आहे पुस्तक माझ्याकडे’. इंग्रजी बोलणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागतं. आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असंच म्हणतो. ‘अगम’ म्हणजे ‘माझ्याकडे’, ‘अगत’ म्हणजे ‘तुझ्याकडे’, एवढं झालं की पुरे. भूक तिथे माणसावर असते: ‘ता ओकरस ओरम’, भूक आहे माझ्यावर. आपल्याला ती लागते. दोन्हीकडे माणूस भुकेचा कर्ता नाही.

माणसं मोजताना आयरिशमध्ये वेगळे आकडे लागतात. दोन मांजरांसाठी ‘गा खात’, पण दोन माणसांसाठी ‘बेर्च’. मग ‘त्र्यूर’, ‘क्याहरर’. वर्गातले बाकीचे लोक यावर वैतागले होते. मी कार्डावर लिहिलं: बेर्च – दोघं, त्र्यूर – तिघं, क्याहरर – चौघं. पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही. आपणही ‘दोघं मांजरं’ म्हणत नाही.

आणि ‘हो’, ‘नाही’ यांना आयरिशमध्ये स्वतंत्र शब्द नाहीत. क्रियापदच परत म्हणायचं. ‘अर इह तू?’ – ‘जिह.’ इंग्रजीतून आलेला माणूस इथे ‘हो’ शोधत बसतो. आपल्याकडे आई विचारते, ‘जेवलास का?’ आणि पोरगा उत्तर देतो, ‘जेवलो.’

एका ठिकाणी मराठी आडवी येते, तेही सांगते. ‘तू’ आणि ‘शिव’ यांतला फरक मानाचा नाही, संख्येचा आहे. समोर एकच माणूस असेल तर तो ऐंशी वर्षांचा असला तरी सर्वसाधारणपणे ‘तू’. माझ्या कार्डावर म्हणून लिहिलं आहे: ‘तू – एकच माणूस, आजोबा असले तरी.’ पहिले काही महिने जीभ अडखळते. अडखळू द्या.

सुरुवातीला काय काय लागतं?

पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं, एक वही, दोन रंगांची पेनं आणि आवाज रेकॉर्ड करणारा फोन. संगणक आवडत असेल तर अँकी हे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर घ्या. मी दोन्ही वापरते, पण कार्ड पहिल्यांदा हातानेच लिहिते. लिहिताना शुद्धलेखनाकडे लक्ष जातं, टाइप करताना जात नाही.

‘शीना फादा’, म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ, पहिल्या दिवसापासून गाळू नका. ‘फ्यार’ म्हणजे पुरुष. त्याच स्वरावर रेघ आली की ‘फेर’, म्हणजे गवत. आपल्याकडे ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत जेवढा फरक आहे तेवढाच हा आहे. फोनवर स्वराचं अक्षर दाबून धरलं की रेघेसकट पर्याय येतो.

एका कार्डावर नेमकं काय लिहायचं?

इथे मी स्वतः मोठी चूक केली. पहिले चार महिने मी नुसते शब्द लिहीत गेले. एका बाजूला ‘स्राज’, दुसऱ्या बाजूला ‘रस्ता’. चारेकशे कार्डं झाली. मग वर्गात बाईंनी ‘रस्त्याचं नाव काय?’ असं विचारलं आणि मला प्रश्नातला शब्द ओळखूच आला नाही, कारण त्या ‘अन् त्राज’ म्हणाल्या होत्या. शब्द तोच होता. आधी ‘अन्’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) लागलं की स्त्रीलिंगी शब्दाचं तोंड बदलतं, आणि माझ्या कार्डावर ‘अन्’ नव्हतंच. सगळी कार्डं पुन्हा लिहिली.

आयरिश शिकायला बसलेल्या प्रत्येकाला मी म्हणून हेच सांगते: नाम कधीही एकटं लिहू नका, ‘अन्’ लावूनच लिहा. ‘ब्यान’ म्हणजे बाई, तर कार्डावर ‘अन् व्यान’. ‘फ्यार’ पुल्लिंगी, तो ‘अन् फ्यार’च राहतो. अशाने लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही, कानच सांगतो. आपण तरी ‘टेबल नपुंसकलिंगी’ असं कुठे घोकलं? ‘ते टेबल’ ऐकत मोठे झालो. आयरिशमध्ये लिंगं दोनच आहेत, पण अंदाज चुकतात: ‘कालीन’ म्हणजे मुलगी, आणि व्याकरणात तो शब्द पुल्लिंगी आहे.

आता माझ्या फ्रिजवर आज लावलेलं कार्ड सांगते. वरच्या बाजूला मराठी: ‘दूध टेबलावर आहे.’ खाली काही नाही. मागे आयरिश वाक्य: ‘ता अन् बान्य अर अन् मोर्द.’ टेबलाचा मूळ शब्द ‘बोर्द’. ‘अर अन्’ नंतर त्याच्यापुढे ‘म’ येऊन बसला आणि ‘ब’ झाकला गेला. लिहिताना दोन्ही अक्षरं लिहितात, बोलताना पुढचंच ऐकू येतं. तो ‘म’ मी लाल पेनाने लिहिला आहे. कोपऱ्यात पेन्सिलीने छोटासा ‘बोर्द’. कार्डावर एवढंच. व्याकरणाचा नियम कार्डावर लिहिला की डोळा नियम वाचतो आणि वाक्य सोडून देतो. नियम वहीत.

हे शब्दाचं तोंड बदलणं डोक्यात कसं बसवायचं?

दोन प्रकार आहेत. ‘शेवू’ म्हणजे पहिलं व्यंजन मऊ होणं: ‘बाद’ म्हणजे होडी, ‘मो वाद’ म्हणजे माझी होडी. ‘उरू’ म्हणजे पहिलं व्यंजन झाकलं जाणं: ‘आर माद’, आमची होडी. ‘ग’ झाकला की ‘ङ’ येतो. अंकलिपीत ‘क ख ग घ ङ’ म्हणून जो शिकलो आणि ‘वाङ्मय’ सोडून फारसा कुठे वापरला नाही, तो ‘ङ’ इथे शब्दाच्या सुरुवातीला उभा असतो. ‘आर ङार्जीन’, आमची बाग.

हे मराठी माणसाला परकं वाटू नये. ‘घोडा’ला ‘ला’ लावला की ‘घोड्याला’ होतं, ‘पाऊस’चं ‘पावसात’. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे. फक्त आपल्याकडे बदल शब्दाच्या शेवटी होतो, तिथे सुरुवातीला.

वहीत एक पान फक्त घरातल्या नात्यांचं आणि वस्तूंचं करा. प्रत्येक ओळीत चार रूपं: साधं, माझं, त्याचं, आमचं. दहा वस्तू पुरे. तक्ता पुस्तकातून उतरवू नका. आपल्या घरात फिरून, त्या वस्तूला हात लावून लिहा.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील का?

पहिले दोन महिने जरूर लिहा. देवनागरी इथे रोमनपेक्षा खूप उपयोगी पडते. आयरिशमधली व्यंजनं जाड आणि पातळ अशा जोड्यांनी येतात. ‘बो’ म्हणजे गाय, ‘ब्यो’ म्हणजे जिवंत. आपण एक ‘य’ जोडला की फरक कागदावर आला. शिवाय आयरिशचे जाड ‘त’ आणि ‘द’ दातांवर जीभ टेकवून म्हणायचे असतात, म्हणजे आपले रोजचेच.

पण नंतर ही कुबडी सोडा. ‘मो खात’ लिहिताना मी ‘ख’ लिहिते, तो आपल्या ‘खाऊ’मधला ‘ख’ नाही, घशातून घासून येणारा आहे. जाड ‘ल’, पातळ ‘ल’ हेही आपल्या लिपीत पुरते मावत नाहीत. लिपी सगळं सांगत नाही हे मराठी माणसाला नवीन नाही: ‘जग’ असं लिहिलं तर ते दुनियेचं ‘जग’ की ‘जगणे’तलं, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं. दोन महिन्यांनी कार्डावरचा देवनागरी उच्चार खोडा आणि त्या जागी आवाज जोडा.

आवाज कुठून आणायचा?

‘टँगलन’ या ऑनलाइन शब्दकोशात हजारो शब्दांचे उच्चार तिन्ही मुख्य बोलींत, माणसांच्या आवाजात ऐकायला मिळतात, तेही फुकट. वाक्यं ऐकायची असतील तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा ‘अबर’ हा प्रकल्प आहे. तुम्ही लिहिलेलं आयरिश तो संगणकाच्या आवाजात वाचून दाखवतो, आणि बोली निवडता येते. पण तुमचं वाक्य बरोबर आहे की चूक, हे तो सांगत नाही. चुकीचंही तितक्याच ठामपणे वाचतो.

रेडिओसाठी ‘रेडिओ ना गेल्टाख्ता’. १९७२ पासून चालू आहे आणि निवेदक आपापल्या भागातल्या बोलीत बोलतात. मी हवामानाचा अंदाज निवडला. पाऊस, वारा, ढग, पश्चिम, उत्तर, उद्या सकाळी, संध्याकाळपर्यंत. तेच शब्द रोज येतात आणि त्यांचा पडताळा खिडकीबाहेर मिळतो. अर्ध्या मिनिटाचा तुकडा रेकॉर्ड करा, थांबवत थांबवत वहीत उतरवा, कळलं नाही तिथे नुसती रेघ मारा. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा. आठवड्याने पहिला तुकडा परत ऐका आणि रेघांच्या जागा भरा. माझ्या पहिल्या पानावर अठरा रेघा होत्या. ते पान मी जपून ठेवलं आहे.

कोणती बोली धरायची?

मन्स्टर, कॉनाख्त आणि अल्स्टर अशा तीन मुख्य बोली आहेत. ‘कशी आहेस?’ हे साधं वाक्यसुद्धा तीन तऱ्हांनी विचारतात: ‘कोनस अता तू’, ‘केन खी अ विल तू’, ‘काड ए मार अता तू’. फ्रिजवरचं माझं ‘अर अन् मोर्द’ अल्स्टरमध्ये ‘अर अन् वोर्द’ होतं. १९५८ मध्ये लेखनासाठी सरकारी प्रमाण रूप ठरवलं गेलं आणि शाळेची पुस्तकं त्यावर चालतात. पण उच्चाराला प्रमाण असं ठरवलेलं नाही.

ज्या शिक्षकांकडे जाता त्यांची बोली धरा आणि सगळी कार्डं तिच्यातच करा. दुसऱ्या बोलीतलं काही आवडलं तर वहीच्या मागच्या पानावर. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, सगळ्या ऐकायला गोड, पण मराठी नव्याने शिकणाऱ्याला आपण एकाच वाक्यात तिन्ही शिकवत नाही.

शब्दकोशात शब्द सापडतच नाही. काय करू?

तोंड बदललेला शब्द शोधत असाल. ‘घोड्यावर’ हा शब्द आपल्याही कोशात नसतो, ‘घोडा’ शोधावा लागतो. दुसरं अक्षर रोमन ‘एच’ असेल तर ते काढून बघा. सुरुवातीला दोन व्यंजनांची चमत्कारिक जोडी दिसली तर पहिलं काढून बघा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथेच सुटतं.

वाक्यं मी स्वतः रचू का? की चॅटबॉटकडून करून घेऊ?

कार्डावर जाणारं वाक्य खात्रीचंच हवं. चुकीचं वाक्य वीस वेळा उजळलं की ते कायमचं बसतं, आणि उपटायला दुप्पट मेहनत लागते. चॅटबॉटच्या वाक्यात एखादा शेवू सुटला असेल तर तो शिकणाऱ्याला दिसत नाही, म्हणून मी तिथून थेट कार्डावर काहीच घेत नाही.

मी साचा वापरते. कोशातलं किंवा पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि त्यातला एकच शब्द बदलायचा. ‘इस मा ल्युम ते’, मला चहा आवडतो. चहाच्या जागी काय काय येईल ते लिहीत जायचं: दूध, पाऊस, शनिवार. आणि रोजनिशी वेगळी ठेवायची. तिच्यात हवं ते, हवं तसं, चुकत लिहायचं. आठवड्यातून एकदा ती शिक्षकांना दाखवायची आणि त्यांनी सुधारलेलं वाक्य कार्डावर घ्यायचं. माझी सगळ्यात चांगली कार्डं अशी रोजनिशीतूनच आली आहेत.

अनियमित क्रियापदांची फार भीती वाटते.

ती फक्त अकरा आहेत. आणि मराठी माणसाने तर मुळीच घाबरू नये. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो, ‘येतो’ म्हणतो आणि ‘आलो’ म्हणतो. आयरिशमध्येही जाणं आणि येणं हीच दोन त्या यादीत आहेत.

अकराचा तक्ता भिंतीवर लावू नका, डोळा त्याला सरावतो आणि वाचायचं थांबतो. एका आठवड्याला एक क्रियापद घ्या आणि त्याचे प्रश्न तयार करा. ‘अन् न्याखी तू गो जी अन् शोपा?’, दुकानात गेलास का? ‘खुअ’, गेलो. ‘नी याखी’, नाही गेलो. माझी मुलगी रोज जेवताना मला तीन प्रश्न विचारायची. अकरा आठवडे लागले.

रोज किती कार्डं करायची?

नवी पाच. जुनी पंधरा मिनिटं. कागदी कार्डांसाठी बुटाच्या खोक्यात पाच कप्पे करा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं अंतर वाढवत न्यायचं.

मुलांची शाळेची पुस्तकं वापरू का?

अवश्य. चित्रं चांगली असतात आणि वाक्यं तपासलेली असतात. दोघं एकत्र बसा.

घराबाहेर काय मिळतं?

इथल्या पाट्या दोन भाषांत असतात. मी फोनमध्ये त्यांचा वेगळा अल्बम केला आहे. बसवर ‘अन् लार’, म्हणजे मध्यभाग, शहराचं केंद्र. दारांवर ‘फिर’ आणि ‘म्ना’, म्हणजे पुरुष आणि स्त्रिया. हे दोन्ही अनेकवचनी शब्द पहिल्याच दिवशी शिकून घ्या. डब्लिनचं आयरिश नाव ‘बाल्य आहा क्लीआ’. बाल्य म्हणजे गाव, आहा म्हणजे नदीचा उतार, क्लीआ म्हणजे विणलेले कूड. कुडांच्या उताराचं गाव. कोकणातल्या माणसाला कूड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रत्येक स्टेशनाचं नाव असं सोडवत गेलात तर वर्षभराचा शब्दसंग्रह रस्त्यावरच मिळतो.

थोडं पुढे गेल्यावर वाचायला काय घ्यावं?

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडभरच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, औषधं, म्हणी, खेळ असं सगळं गोळा करून वह्यांत लिहून काढलं. त्या वह्यांची पानं ‘दूखस’ या संकेतस्थळावर बघता येतात. मुलांचं अक्षर, आजीची भाषा. जुनं शुद्धलेखन आणि जुनी अक्षरं सांभाळावी लागतात: आज जिथे रोमन ‘एच’ लिहितात तिथे त्या काळी व्यंजनावर टिंब देत. एक पान घ्या, आजच्या शुद्धलेखनात उतरवा, मग मराठीत करा. मला एका पानाला रविवारची पूर्ण सकाळ लागते आणि ती सकाळ मला आठवड्यात सगळ्यात प्रिय आहे.

बोलायला माणूस कुठे मिळेल?

१८९३ मध्ये स्थापन झालेली ‘कॉनरा ना गेल्गे’ ही संस्था प्रौढांसाठी वर्ग चालवते. डोनेगलमध्ये ग्लेनकोलमकिल इथे ‘इजस गेल’चे प्रौढांचे अभ्यासक्रम १९८४ पासून होत आहेत. मार्चच्या पहिल्या सतरा दिवसांत ‘शाख्तन ना गेल्गे’ हा उत्सव असतो, तेव्हा गावोगावी कार्यक्रम होतात. जाताना स्वतःची पाच कार्डं खिशात ठेवा: मी कुठली, काय करते, मुलं किती, आयरिश का शिकते, आणि ‘जरा हळू बोला’. हे पाच विषय शंभर टक्के निघतात.

पाठ झालेली कार्डं फेकून देऊ का?

शेवटच्या कप्प्यातून तीनदा बरोबर आलेलं कार्ड खोक्यातून काढा. फेकू नका. त्यातलं वाक्य आवाज लावून फोनमध्ये रेकॉर्ड करा, तारीख सांगा, आणि कार्ड मुलांना चित्र काढायला द्या. आमच्याकडच्या ‘अन् व्यान’च्या मागे आता नऊवारीतली पणजी आहे, नथीसकट.